सिनियर केजी पालक: शनिवारचं गॅदरिंग

नमस्कार पालकहो, येत्या शनिवारी आपल्या मुलांचं गॅदरिंग आहे, शाळेच्याच हॉलमध्ये. कार्यक्रम ५ ला सुरू होईल पण मुलांना ३.३० पर्यंत मागच्या गेटवर ताईंकडे सोडा, कारण मेकअप आणि सगळ्यांचे ड्रेस घालून होईपर्यंत वेळ जातोच.

- कोळी डान्सच्या मुलींची नऊवारी शिवलेलीच हवी, नाडी घट्ट आणि आतून सेफ्टी पिन. रंगीत तालमीत एकीची नऊवारी सुटायला लागली, तर बिचारी एका हाताने ती धरून शेवटपर्यंत नाचली.
- घरून पोटभर खायला घालून आणा.
- पास प्रत्येक मुलामागे २च.
- मोबाईलवर शूटिंग जागेवर बसूनच करा, पुढे उभं राहिलं की मागच्या आजी-आजोबांना काहीच दिसत नाही.

आणि कळकळीची विनंती, स्टेजवर मूल दिसलं की नावाने हाका मारू नका. एवढीशी मुलं आहेत, आई दिसली की स्टेप विसरून तिथेच थांबतात, काहींना रडू फुटतं. टाळ्या मात्र सगळ्यांच्याच मुलांसाठी भरपूर वाजवा.

डान्स झाल्यावर मुलांना वर्गातूनच घ्यायचं, आयकार्ड दाखवून. वाचलं असेल तर 👍 करा.