वॉर्सात राहणाऱ्या लेकीस

कोल्हापूर,
२० ऑक्टोबर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, इथं कुणी हसतच नाही गं." तुझा आवाज कातर झाला आणि मला पटकन काही सुचलं नाही. आठवडाभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहायला बसले.

माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, वळिवड्याच्या छावणीत दुधाचा रतीब घालायची, हे तुला ओझरतं माहीत आहे. लग्नाचे बस्ते बांधायला आपण गांधीनगरला जातो ना, तिथंच ती छावणी होती. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार पोलिश माणसं. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. आजी सांगायची, "त्या बाया हसायच्या न्हाईत, पर एकदा दारात गेलं की बसवल्याबिगर सोडायच्या न्हाईत." तुझं बोलणं ऐकून मला आधी हेच आठवलं.

त्या का हसत नव्हत्या? १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडमध्ये पश्चिमेकडून जर्मनी घुसला आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा. पुढच्या फेब्रुवारीपासून, ऐन थंडीत, पूर्व भागातली कुटुंबंच्या कुटुंबं गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरियाला, कझाकस्तानला नेली. वाटेत आणि तिथं किती लेकरं गेली असतील! १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली. मग इराणमार्गे वाट काढत काही जण जामनगरजवळ बालाचडीला तिथले राजे जामसाहेब यांच्या आश्रयाला आले, तर बरेचसे आपल्या पंचगंगेकाठी. इथं त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभारलं, बालवीरांची पथकं चालवली. परत जायला देश उरेल की नाही याची खात्री नसताना मुलांना पोलिशमधून शिकवत राहिल्या त्या बाया.

याची त्यांना सवयच होती म्हण. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ असा तीनदा लचका तोडून पोलंड नकाशावरून पुसून टाकला. १९१८ पर्यंत, तब्बल १२३ वर्षं. देशाचं नावच 'पोले'वरून, म्हणजे शेतावरून, पडलं असं मानतात. आपल्याला आडोशाला सह्याद्री होता. तिथं दोन्ही बाजूंना सपाट माळ, फौजांना अडवायचं कुणी? मग देश राहिला कुठं, तर घरात, देवळात, बोलण्यात. तू रसायनशास्त्राची, तुला हे माहीतच असेल. मारी क्युरी १८६७ मध्ये वॉर्सातच जन्मली. रशियन अमलात मुलींना विद्यापीठात प्रवेश नाही, म्हणून ती लपूनछपून भरणाऱ्या वर्गांत शिकली. आणि १८९८ मध्ये नवं मूलद्रव्य सापडल्यावर तिनं नाव दिलं पोलोनियम. नकाशात नसलेल्या देशाचं नाव तिनं मूलद्रव्यांच्या तक्त्यात लिहून ठेवलं! मला हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तू जुन्या चौकाचा फोटो पाठवलास, "किती जुनी घरं!" असं लिहून. अगं, ती घरं तुझ्या आजोबांहून लहान आहेत. १९४४ मध्ये शहर जर्मनांविरुद्ध उठलं, ६३ दिवस लढलं आणि हरलं. मग जर्मनांनी घरामागून घर उडवलं. युद्धानंतर लोकांनी अठराव्या शतकातली चित्रं आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची जुनी रेखाटनं समोर ठेवून सगळं पुन्हा बांधलं. ट्राममधल्या एखाद्या न हसणाऱ्या बाईच्या आईनं कदाचित तिथल्या विटा वेचल्या असतील.

भाषा शीक. इंग्रजीवर भागतं हे मला माहीत आहे, तरी शीक. सात विभक्त्या आहेत म्हणून घाबरू नकोस, मराठी बोलणारीला विभक्त्यांचं काय भय? आपल्यासारखं त्यांच्यातही संबोधन आहे, आई म्हणजे 'मामा' आणि हाक मारताना 'मामो'. शब्दही आपल्या भ्राता, धूम, विधवा यांच्या नात्यातले: भावाला 'ब्रात', धुराला 'दिम', विधवेला 'व्दोवा'. हा शेवटचा शब्द आजीला छावणीत पुष्कळदा ऐकू आला असणार.

एक काम सांगते. १ नोव्हेंबरला तिथं सगळे दफनभूमीत जाऊन आपापल्या माणसांसाठी दिवे लावतात. त्या दिवशी माँते कसिनोच्या लढाईच्या स्मारकाकडे जा, दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैन्य इटलीत लढलं ती लढाई. त्याच्याजवळ वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. छावणीतल्या कितीतरी बायकांचे नवरे आणि मुलगे त्याच सैन्यात होते. तिथं पणजीच्या नावानं एक दिवा लाव. मी त्या संध्याकाळी महावीर उद्यानातल्या पोलिश स्तंभापाशी लावीन.

कुणी विचारलं, कुठली तू, तर भारत म्हणून थांबू नकोस, कोल्हापूर सांग. आणि हातमोजे घालून जा.

तुझी,
आई