टाकीचं झाकण सैल करून इंजिन चालू करणाऱ्या चाचांना

चाचा, सलाम.

सोलापुरात बाळीवेशीकडच्या तुमच्या दुकानात मोहोळहून फवारणीचा एचटीपी पंप घेऊन आलो होतो, तो मी डाळिंबवाला. त्या दिवशी घाईत नीट बोलणं झालं नाही, म्हणून हे पत्र. इतरांनीही वाचावं म्हणून उघडच लिहितोय.

मृग बहाराची फळं धरली होती, पाऊस पडून गेला होता आणि डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या भीतीने फवारणी थांबवता येत नव्हती. पंपाचं इंजिन एका झटक्यात चालू व्हायचं, पाव तासाने बंद पडायचं, थोडा वेळ ठेवलं की पुन्हा चालू. एकाने प्लग बदलला. दुसरा म्हणाला कार्बोरेटर गेला. तिसऱ्याने तर नवीन इंजिनाची किंमतच सांगितली.

तुम्ही पान्याला हातही न लावता विचारलंत, "बंद कसं पडतं? खटकन की गुदमरत?" गुदमरत, असं मी म्हणालो. खटकन पडलं असतं तर गरम झाल्यावर प्लगला ठिणगी देणारी कॉइल दगा देतेय का ते आधी बघितलं असतं, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. मग इंजिन चालू करून शांत बसलात. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं, तरी ते बंद पडेपर्यंत तुम्ही उठला नाहीत. या बसण्याचं मोल मला फार वाटतं, कारण बिघाड समोर घडू द्यायला कुणीच थांबलं नव्हतं.

बंद पडल्या पडल्या प्लग काढलात. कोरडा. म्हणजे पेट्रोल पोचत नाही. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल केलात, चार थेंब आले आणि थांबले. टाकी तर अर्धी भरलेली. तुम्ही झाकण फिरवलंत, आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि खाली धार लागली! झाकणाचं हवेचं भोक धूळ आणि औषधाच्या थराने बुजलं होतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल जसं अडतं, तसंच हे. पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा आत यायला हवी. थोडा वेळ ठेवलं की हवा हळूहळू झिरपायची, म्हणून इंजिन पुन्हा चालू व्हायचं.

भोक साफ केलंत आणि पैसे घेतले नाहीत. वर हेही सांगितलंत की आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं. म्हणून हंगाम संपला की टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. नाहीतर कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक जेट चिकटतो. आमच्या वस्तीवर आता सगळे तसंच करतात. शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन जोर धरत नव्हतं, तेव्हा तुमच्याच पद्धतीने आधी एअर फिल्टर आणि मग सायलेन्सरची जाळी पाहिली. जाळी काजळीने गच्च भरली होती.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत सगळी बाग फवारून झाली, चाचा. त्या फवारणीसाठी आणि माझ्यासारख्या अनोळखी माणसाला एवढं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार.

एक विनंती आहे. माझा भाचा आयटीआय करतोय, त्याला हाताने काम शिकायचंय. दिवाळीनंतर तुमच्याकडे पाठवला तर चालेल का?

तुमचा,
मोहोळचा डाळिंबवाला