वणवा पेटण्याआधी बाहेर पडण्याची वाट ठरवा

महोदय,

मुंबईत डोंगरउतारावरील वस्त्यांना दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर स्थलांतराच्या नोटिसा दिल्या जातात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरे यांच्या कडेला राहणाऱ्या आम्हा रहिवाशांना मात्र वणव्यामुळे घर सोडण्याची वेळ आलीच, तर ती सूचना कोण देणार, कोणत्या वाटेने निघायचे आणि कुठे जमायचे, हे आजवर कोणीही सांगितलेले नाही.

३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी दिंडोशीजवळच्या डोंगरावर पेटलेला वणवा मी इमारतीच्या गच्चीवरून पाहिला आहे. रात्री उशिरापर्यंत डोंगर जळत होता आणि खबरदारी म्हणून जवळपासच्या पाड्यांतील माणसे व गुरे हलवावी लागली होती. तीही डिसेंबरात, गवत पुरते वाळण्याच्या आत.

त्याच्या महिनाभर आधी, ८ नोव्हेंबरला, कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे सुमारे सव्वीस हजार वस्तीचे गाव जळून गेले. त्या गावाचे विभाग पाडून कोणी कधी निघायचे याचा आराखडा तयार होता, त्याची तालीमही झालेली होती. परंतु आग इतक्या वेगाने आली की सगळे विभाग जवळजवळ एकाच वेळी रस्त्यावर उतरले, वाहने जागच्या जागी अडकली, आणि त्या आगीत ८५ जणांचा जीव गेला, त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवरील लाहैना येथे भोंगे असूनही ते वाजवले गेले नाहीत, कारण लोक तो त्सुनामीचा इशारा समजून डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच दिशेने, धावतील अशी भीती तेथील अधिकाऱ्यांना वाटली. तेथे शंभराहून अधिक माणसे दगावली.

आपले पानझडी जंगल तसे पेटत नाही, येथील आग बहुधा पालापाचोळा आणि गवतातून जमिनीलगत सरकते, हे मला मान्य आहे. पण पाड्यावरच्या ताडपत्रीच्या छपराला तेवढी आग पुरेशी आहे, आणि दम्याच्या रुग्णाला तर नुसता धूरही.

वनविभाग आणि महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाने दरवर्षी फेब्रुवारीपूर्वी प्रत्येक पाड्यावर बैठक घ्यावी. २०२३ मध्ये आपल्या मोबाइलवर चाचणीचा जो कर्कश इशारा वाजला होता, तो ठरावीक परिसरापुरता मराठीतून देता येतो. परंतु मोबाइल नसलेल्या आजीपर्यंत तो पोहोचणार नाही. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे हे आशा सेविका आणि अंगणवाडी सेविकांना तोंडपाठ असते, म्हणून आराखडा करताना त्यांना सोबत घ्यावे. गुरांचाही विचार त्यात हवा, कारण दावणीची जनावरे तशीच सोडून कोणी निघणार नाही.

आमच्या सोसायटीचे मागचे फाटक उघडले, तर शेजारच्या पाड्यातील लोक पाच मिनिटांत मुख्य रस्त्याला लागतील. सुरक्षेच्या कारणास्तव ते बारा महिने कुलूपबंद असते. त्याची एक चावी पाड्यातील जबाबदार व्यक्तीकडे द्यावी, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. डोंगरालगतच्या इतर सोसायट्यांनीही तसे करावे, अशी कळकळीची विनंती.

— एक रहिवासी, दिंडोशी, मुंबई