काका, तुमचा थर्मामीटर माझ्याकडेच राहिलाय

ती. काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

फेब्रुवारीत कॉलेजच्या स्पर्धेत आम्ही तिघांनी भाजीची पेटी मांडली होती. दुहेरी भिंत, मध्ये ओली वाळू. पाणी उडत जातं तसा आत गारवा येतो आणि विजेशिवाय पालेभाजी टिकते. पंधरा स्लाइड्स! पहिलीवर 'जगात प्रथमच', शेवटचीवर पाच वर्षांनंतरची उलाढाल, कोटींत. एका परीक्षकांनी विचारलं, "पावसाळ्यात काय?" माझ्या घशाला कोरड पडली. "वी आर वर्किंग ऑन इट" एवढं कसंबसं बोलून खाली बसले. आपल्याला चार लोकांत बोलता येत नाही, अशी खात्रीच झाली.

बाहेर तुम्ही भेटलात आणि म्हणालात, "बोलता येतं की तुला. सांगायलाच काही नव्हतं." राग आला होता, आता सांगते.

मग तुमचे शनिवार सुरू झाले. नौपाड्याहून कोपरखैरण्याला यायचात, खांद्याला ती कापडी पिशवी. मे महिन्यात तिच्यातून दोन थर्मामीटर निघाले. एकाच्या टोकाला तुम्ही ओलं फडकं गुंडाळलंत. कोरडा ३४ दाखवत होता, ओला २७. "कितीही पाणी ओता, पेटी याच्या खाली जाणार नाही," तुम्ही म्हणालात. जुलैत पुन्हा तेच केलं, तर २८ आणि २७. हवाच पाण्याने भरलेली, तर वाळूतलं पाणी उडणार कुठे? एका अंशासाठी कोण पैसे देईल? 'जगात प्रथमच' तर त्याआधीच खोडलं होतं, कारण विटा-वाळूचा असा शीतकक्ष दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकातच करून ठेवलाय.

आणि वाशीच्या त्या भाजीवाल्या मावशी! पहाटे तुर्भ्याच्या मार्केटमधून माल आणून फुटपाथवर बसणाऱ्या. त्यांनी पेटी एका हाताने हलवून पाहिली, हललीच नाही. "रोज संध्याकाळी ही घरी कोण नेणार, तू?" मग मेथीच्या जुड्यांवरचं ओलं गोणपाट सारखं करत म्हणाल्या, "हे फुकट आहे, पोरी." तुम्ही शेजारी उभे राहून खुशाल शेंगा खात होतात. आम्ही परत आलो आणि वाळू काढून तिथे काथ्या भरला.

आमच्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाचीही एक कार्यशाळा झाली होती: खांदे सरळ, नजर समोर, हसरा चेहरा. माझे खांदे तेव्हाही सरळच होते हो. तुमचा सराव वेगळा. ठाण्याला जाताना लोकलमध्ये, ऐरोली सुटली की पेटीबद्दल बोलायला सुरू करायचं आणि दिघा गाव यायच्या आत थांबायचं. समोरच्या बाकावरचे लोक बघायचे, पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर एक आजोबाच विचारू लागले, "कोथिंबीर किती दिवस राहते गं?" घरी काकू भाजी निवडता निवडता ऐकायच्या आणि इंग्रजी शब्द आला की "पुन्हा सांग" म्हणायच्या. काकूंनाही माझा नमस्कार सांगा.

सप्टेंबरमध्ये दुसऱ्या स्पर्धेत मी पहिलं वाक्य हे बोलले: "आमची पेटी भर पावसाळ्यात चालत नाही." सभागृहात हसू आलं. पुढे सांगितलं, की तिची स्पर्धा फ्रीजशी नाही, ओल्या गोणपाटाशी आहे, आणि गोणपाट फुकट मिळतं. फेब्रुवारीतला तो प्रश्न मग कुणी विचारलाच नाही. "वाळूऐवजी काथ्या का?" असं विचारलं, तर मावशींची गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की वेळ संपल्याची घंटा झाली तरी मी बोलतच होते. हात थरथरत होते, ते लपवायचं सुचलंही नाही. नंबर आला नाही. पण मावशींनी एक पेटी महिनाभर ठेवून घ्यायचं कबूल केलंय, दिवाळीनंतर.

फडकं गुंडाळलेला तो थर्मामीटर माझ्याकडेच आहे. शनिवारी आणून देणार होते, पण मावशींच्या पेटीत तोच ठेवावा म्हणते. चालेल ना?

आपली,
पेटीवाली