सहाही पाय छातीलाच : बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आयुष्यभर रंगवलेल्या किड्यांना टोप्या आहेत, छत्र्या आहेत, एका मुंगळ्याच्या पाठीवर तर दप्तर आहे. तरी त्यातला एकही खोटा वाटत नाही. तो का वाटत नाही, हे तुम्ही हातचं न राखता शिकवलंत, म्हणून हे पत्र.

गंमत करायची ती कपड्यांत, सांध्यांत नाही, हा तुमचा नियम. आधी डोकं, छाती, पोट आखायचं. मग छातीच्या तीन खंडांना पायांची एकेक जोडी. नवशिक्यांकडून हमखास एक जोडी पोटाला लागते. मग दप्तर कितीही गोड काढा, किडा उभाच राहत नाही. टोळ मागचा पाय पंखावर घासून आवाज काढतो, म्हणून व्हायोलिनचा गज तुम्ही त्याच्या मागच्याच पायात दिलात. रातकिडा पंखावर पंख घासतो, त्याच्या वाट्याला झांजा आल्या. असं सुचायला किड्यासमोर बसून राहावं लागतं. किड्यांची चित्रं काढणारी जर्मन चित्रकार मारिया सिबिला मेरियन १६९९ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, किडे बघायला थेट दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली होती. तुमची चिकाटी त्याच जातीची.

जलरंगात भुंग्याची चकाकी तर आम्ही सगळे तुमच्याकडूनच शिकलो. ट्यूबमधला काळा वापरायचा नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून काळा करायचा, म्हणजे पाठ जिवंत राहते. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि गुळगुळीत. चमकेची जागा पहिल्यापासून कोरी सोडायची, कारण नंतर वरून लावलेला पांढरा खडूसारखा दिसतो. मग पातळ रंगाचे तीन-चार हात. प्रत्येक हातानंतर कागदाला बोटांची मागची बाजू टेकवून बघायची: गार लागला तर आत ओल आहे, थांबायचं. घाई केली की खालचा रंग पाण्याबरोबर कडेला ढकलला जातो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. पंखांच्या शिरा सगळ्यात शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने, मुळापासून टोकाकडे.

या सगळ्यासाठी मनापासून आभार, बाई. तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावरचा कोळी आम्ही अजून उघडून बघतो. आठ पाय, हातात पिशवी, आणि खाली तुमच्या अक्षरात: ‘हा कीटक नव्हे, पाहुणा.’

तुमचे विद्यार्थी