दहाच्या ठोक्यासाठी भांडण

सॉल्फर्ड, इंग्लंड
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोहोचले. आठच्या मालिकेवरून आई आणि आपण यांच्यात रिमोटसाठी होणारी ओढाताण अजून मिटलेली नाही, हे वाचून क्षणभर घरीच बसल्यासारखे वाटले. झी मराठी आणि स्टार प्रवाह यांच्यासारखी चुरस इकडच्या वाहिन्यांत असते का, की बीबीसीसारख्या प्रतिष्ठित संस्थेला टीआरपीशी काही घेणेदेणेच नसते, असे आपण विचारले आहे. घेणेदेणे पुष्कळ असते, बाबा, आणि ते आजचे नाही.

कामावर जाताना मी जो पादचारी पूल ओलांडते, त्याच्या एका काठावर बीबीसीच्या काचेच्या इमारती आहेत आणि कालव्याच्या दुसऱ्या काठावर आयटीव्हीच्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या १९६० पासून चाललेल्या मालिकेचा सेट आहे. मध्ये पाणी तेवढे, बाकी हाकेचे अंतर. हे वैर आयटीव्हीच्या जन्मदिवसापासूनचे आहे. २२ सप्टेंबर १९५५ च्या संध्याकाळी ही पहिली व्यापारी वाहिनी लंडनमध्ये सुरू झाली आणि नेमक्या त्याच संध्याकाळी बीबीसीने आपल्या ‘द आर्चर्स’ या रेडिओमालिकेतील ग्रेस या लाडक्या पात्राचा आगीत अंत घडवून आणला. दुसऱ्या दिवशी नव्या वाहिनीपेक्षा ग्रेसच्याच मरणाची चर्चा अधिक झाली. आपल्याकडच्या मालिकांतील ‘महाएपिसोड’ला नाके मुरडण्याचा अधिकार इंग्रजांना नाही, असे हे कळल्यापासून माझे मत झाले आहे.

बीबीसीला जाहिराती घ्यावयाच्या नसतात, मग तिला आकड्यांची चिंता कशासाठी, हा आपला प्रश्न रास्त आहे. तिचा खर्च मुख्यतः टीव्ही पाहणाऱ्या प्रत्येक घराकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कातून चालतो. प्रेक्षक घटले की ‘पाहतच नाही तर पैसे का भरायचे’ असे लोक म्हणतात आणि प्रेक्षक फार वाढले की ‘लोकांच्या पैशाने व्यापारी वाहिनीचे गिऱ्हाईक पळवता’ असा ओरडा होतो. तिची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर अशी आहे. आयटीव्हीचे गणित त्या मानाने सरळ आहे: जितके डोळे, तितका जाहिरातीचा दर.

या लढाईत कार्यक्रमापेक्षा वेळ हेच मोठे शस्त्र असते. बीबीसीने १९८५ मध्ये ‘ईस्टएंडर्स’ ही मालिका आणली तेव्हा ती संध्याकाळी सातला लागत असे. समोर आयटीव्हीवर ‘एमरडेल फार्म’ ही मालिका असल्यामुळे प्रेक्षक विभागले जात, म्हणून बीबीसी वनचे तेव्हाचे प्रमुख मायकल ग्रेड यांनी काही महिन्यांतच ती साडेसातला नेली. पुढच्या वर्षीच्या नाताळातील भागाला, पुनःप्रक्षेपण धरून, तीन कोटींवर प्रेक्षक मिळाले.

परंतु मला सर्वांत रंगतदार वाटते ती रात्री दहाच्या बातम्यांची हकिकत. आयटीव्हीचे ‘न्यूज ॲट टेन’ १९६७ पासून लंडनच्या बिग बेन घड्याळाच्या ठोक्यांवर सुरू होत असे. एक ठोका, एक ठळक बातमी, पुन्हा ठोका. चित्रपट आणि मोठी नाटके नऊपासून अखंड दाखवता यावीत म्हणून आयटीव्हीने मार्च १९९९ मध्ये ते बंद केले, म्हणजे बत्तीस वर्षांची बसलेली सवय स्वतःच्या हाताने मोडली. संसदेतूनही नाराजी उमटली. तिकडे बीबीसीचे महासंचालक ग्रेग डाइक यांनी रिकामी झालेली जागा हेरली आणि ऑक्टोबर २००० मध्ये आपल्या नऊच्या बातम्या उचलून दहाला आणून बसवल्या. आयटीव्ही जानेवारी २००१ मध्ये धावत परतली, पण आठवड्यातील काही रात्रीच. त्यामुळे लोक त्या बातमीपत्राला ‘न्यूज ॲट व्हेन’ असे चिडवू लागले. पुढे २००४ मध्ये त्या बातम्या साडेदहाला गेल्या आणि २००८ मध्ये पुन्हा दहाला आल्या. एसटीत खिडकीजवळच्या जागेवरचा रुमाल आपणच उचलावा आणि मग ‘ही माझी जागा’ म्हणून भांडावे, असा तो प्रकार झाला.

हार-जीत मोजण्याचीही एक मौज आहे. पूर्वी दोघांची मापे वेगळी होती: बीबीसी लोकांना ‘काल काय पाहिलेत’ असे विचारत असे, तर आयटीव्हीचा भरवसा घरोघरी बसवलेल्या मीटरवर असे. त्यामुळे १९७७ च्या नाताळातील मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीच्या कार्यक्रमाला एका मापाने २ कोटी ८० लाख आणि दुसऱ्या मापाने २ कोटी १० लाखांच्या आसपास प्रेक्षक भरले. १९८१ पासून ‘बार्ब’ ही सामाईक संस्था काही हजार निवडक घरांतून मोजणी करते आणि रात्रीचे आकडे सकाळी सर्वांच्या टेबलावर येतात. मात्र आता तेही अर्धवटच ठरतात. गेल्या नाताळात बीबीसीवरील ‘गॅव्हिन अँड स्टेसी’ या विनोदी मालिकेच्या अखेरच्या भागाचा रात्रीचा आकडा सुमारे १ कोटी २३ लाख होता, मागाहून पाहणारे धरल्यावर तो १ कोटी ९० लाखांच्या घरात गेला.

आमच्या ऐंशीच्या घरातील मालकीणबाईंना मात्र ‘मागाहून पाहणे’ मान्य नाही. पुढच्या महिन्यापासून आयटीव्ही आठ ते नऊ या तासात ‘एमरडेल’ आणि ‘कोरोनेशन स्ट्रीट’ पाठोपाठ लावणार असल्यामुळे त्या जेवणाची वेळ बदलण्याच्या विचारात आहेत. १९९१ पर्यंत ‘रेडिओ टाइम्स’मध्ये फक्त बीबीसीचे आणि ‘टीव्ही टाइम्स’मध्ये फक्त आयटीव्ही आणि चॅनल फोर यांचे कार्यक्रम छापले जात, तेव्हा त्या दोन्ही अंक मांडीवर उघडून बसत. आता एकाच जाड नाताळ अंकावर भागते, पण सवय तीच आहे: बीबीसीला लाल वर्तुळ, आयटीव्हीला निळे. काल त्यांनी पंचवीस तारखेचे पान मला दाखवले. एके ठिकाणी लाल आणि निळे वर्तुळ शेजारीशेजारी आले होते. “मग काय करणार?” असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “निळे पाहीन. जाहिराती लागल्या की लालकडे डोकावीन.”

ही युक्ती आईच्या कानावर घालावी की नाही, ते आपण ठरवावे. आईला सा. न., छोटूला अनेक आशीर्वाद. पथ्यपाणी सांभाळावे.

आपली कन्या