साथ ओसरेपर्यंत भेट फोनवरच : ज्येष्ठ सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

साथ ओसरेपर्यंत आपली रोजची बैठक फोनवरच, संध्याकाळी ५ वाजता. तब्येतीची काळजी मनात ठेवू नका, मोकळेपणाने बोला. झोप, गुडघे, नातवंडं, काहीही चालेल.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. आपल्या वयात संसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही. अचानक गोंधळल्यासारखं होणं, तोल जाणं, जेवणावरची वासना उडणं, ही सुरुवात असू शकते. घरच्यांनाही हे सांगून ठेवा. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं छोटं यंत्र) लावण्याआधी ५ मिनिटं शांत बसा, बोटं गार असतील तर चोळून ऊबदार करा, नखाला रंग नको. आकडा ९४ च्या खाली दिसला तर दुसऱ्या बोटावर पाहा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. दम लागत असेल तर आकडा चांगला असला तरी थांबू नका.

रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. महिनाभराच्या आणून ठेवा.

एकट्या राहणाऱ्या सभासदांनी रोज सकाळी ९ पर्यंत ग्रुपवर नुसतं 'बरी आहे', 'बरा आहे' एवढं लिहावं. निरोप आला नाही तर आम्ही फोन करू. त्रास वाटून घेऊ नका, जीव लागून राहतो म्हणून करतो.